सोळाव्या जागेवरून मला घसरवण्याचं कारस्थान

ती. मावशीस,

कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझा खोकला, शिवणयंत्राची कुरकुर आणि काकांचा स्वभाव, तिन्ही आता सुधारले असतील अशी आशा आहे.

इकडे माझं बरं नाही. डार्ट्सच्या क्रमवारीत मी सोळावा होतो, तो सतरावा झालो. तोही झोपेत, एकही डार्ट न फेकता. काका स्वतः अकरावे असूनही घरात तोंड उघडत नाहीत, म्हणून यातली गोम मीच सांगतो. गेल्या दोन वर्षांत स्पर्धांमधून जेवढं बक्षीस कमवाल त्याची बेरीज, आणि त्यावरून तुमचा क्रमांक. पहिले सोळा अजिंक्यपदाच्या स्पर्धेत थेट जाणार. उरलेल्यांनी पात्रता फेरीत एकमेकांच्या उरावर बसायचं (एका हॉलमध्ये शंभरावर माणसं, दिवसभर फेकाफेकी, आणि संध्याकाळी जागा मोजून चार). मी सोळावा म्हणून तोऱ्यात फिरत होतो. रविवारी झोपलो, सोमवारी उठून बघतो तर माझ्या जागेवर फोटोवाला! (हा लग्नांचे फोटो काढतो आणि उरलेल्या वेळात माझ्या वाटेत येतो.) त्यानंही आठवडाभर डार्टला हात लावलेला नव्हता. मग तो वर चढला कसा? पाणी कुठंतरी मुरतंय हे मी दात घासतानाच ओळखलं.

आता यादी टाइप कोण करतं? ती. डार्ट्स मंडळाच्या ऑफिसात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसते आणि स्पर्धेत स्कोअरही तीच पुकारते. ती 'एकशे ऐंशी', म्हणजे तीन डार्टांतले जास्तीत जास्त गुण, म्हणते तेव्हा पंखासुद्धा थबकतो (माझ्यासाठी एकदाच म्हणाली आहे, पण काय म्हणाली!). गेल्या महिन्यात फोटोवाल्यानं तिला हनुवटी जरा वर करायला सांगितली आणि तिनं केली. मावशी, तूच सांग, ज्याच्या मनात काही नाही असा माणूस सांगितल्याबरोबर हनुवटी वर करतो?

तडक ऑफिस गाठलं. आवाज चढवला. तिनं स्टेपलर खाली न ठेवता सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मी जिंकलेली थंडीतली स्पर्धा रविवारी हिशेबातून गळली. दोन वर्षं झाली की सगळ्यांचीच गळते. फोटोवाला चढलेला नाही, मी उतरलोय. मी म्हटलं, जिंकलेलं गळायला ते काय केस आहेत?

तेव्हा कुठं तिनं वर पाहिलं. "राखायचं होतं तर यंदा परत जिंकायचं होतंस. पहिल्याच फेरीत कशाला हरलास?"

हे ती डार्ट्सबद्दल बोलली की कशाबद्दल, यावर मी दोन दिवस जेवलो नाही. (आईला सांगू नकोस, तिला वाटतंय पोट बिघडलंय.) आणि हरलो कशाला, हे तिनं विचारावं! समोर फोटोवालाच होता. शून्यावर यायला बत्तीस गुण उरले होते, म्हणजे सोळाच्या दुहेरी पट्टीत एक डार्ट घातला की डाव माझा. माझ्या नावाआधी ती जरा थांबली आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात पुकारलं. असं थांबून कोण पुकारतं? डार्ट बोर्ड सोडून भिंतीत. तिचा घसा बसला होता म्हणून ती थांबली असं लोक म्हणतात. लोक भोळे आहेत.

तुझा,
सतरावा

ता. क. पहिल्या सोळांपैकी कुणी माघार घेतली तर सतराव्याला आपोआप बोलावतात. काकांचा खांदा कसा आहे? दुखत नसेल तर नीट दाबून विचार. आणि अजिंक्यपदाला त्यांच्याऐवजी मी गेलो तर घराण्याचं नाव घरातच राहील.

ता. क. २. काकांना काही विचारू नकोस. पात्रता फेरीला दिवसभर तीच पुकारणार आहे असं आज कळलं. सतरावाच बरा आहे मी.

ता. क. ३. पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडलं. फोटोवाल्यानं मनगट मुरगळलं म्हणून माघार घेतली आणि मला थेट प्रवेश मिळाला. अभिनंदन करू नकोस. पट्टी उजव्या मनगटाला आहे आणि मेला डावखुरा आहे. पात्रता फेरीचे फोटो काढायचं काम त्यानं फुकट पत्करलंय, आणि थेट प्रवेशवाल्यांना त्या दिवशी हॉलमध्ये सोडत नाहीत. काकांना फक्त एवढं विचार, सोळावा झालेला माणूस रातोरात पुन्हा सतरावा कसा होतो.