ऐंशी हजारांच्या वर

६ फेब्रुवारी
कात्री गायब! टेबलावर कापड पसरलेलं, खडूच्या खुणा झालेल्या— आणि कात्री नाही. टाचण्यांची डबीही नाही. सासूबाईंचा उद्योग. "पोटुशी बाई तू, टोचलं-बिचलं तर रक्त थांबायचं नाही." अहो, वीस वर्षं लोकांचे कपडे बेततेय मी! प्लेटलेट्स कमी झाल्यात, संपल्या नाहीत.

७ फेब्रुवारी
अठ्ठावन्न हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. नणंदेचा फोन, जावेचा फोन— "आज किती?" मी काय शेअर बाजार आहे?

११ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी आज नीट समजावलं. माझंच शरीर माझ्या प्लेटलेट्स मारतंय. बाळ पायाळू, म्हणून सिझेरियन. आकडा ऐंशी हजारांच्या वर गेला तर कमरेत इंजेक्शन, मी जागी. नाही गेला तर मणक्यापाशी रक्त साचायची भीती, म्हणून पूर्ण भूल.

म्हणजे बाळ रडणार आणि मी घोरत पडणार! त्रेचाळिसाव्या वर्षी दिवस राहिलेत. पहिलं रडणं साऱ्या वॉर्डाने ऐकायचं, आईने सोडून?

"आणि बाळाच्या प्लेटलेट्स?" मी विचारलं.
"ते जन्मल्यावरच कळेल. बहुतेक मुलं ठीक असतात."
बहुतेक! घरी येईपर्यंत तो शब्द दातात अडकल्यासारखा.

१५ फेब्रुवारी
स्टिरॉइडच्या गोळ्या. तोंडाचा भोपळा झालाय. आत्ता जेवले, आत्ता भूक. नवरा समजूतदारपणे म्हणतो, "गोळ्यांमुळे चिडतेस गं." ओला टॉवेल पलंगावर टाकायचं काम मात्र तो बिनगोळ्यांचं करतो.

१९ फेब्रुवारी
एकाहत्तर हजार. चढतोय!

२२ फेब्रुवारी
सासूबाई: "झोपेत झालं म्हणून पोर काय शेजारणीचं होणार आहे?" यांना काय सांगायचं, कप्पाळ! तिन्ही मुलं जागेपणी झाली त्यांची.

२४ फेब्रुवारी
शहाऐंशी हजार!! भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "उद्या गप्पा मारत करू." नवऱ्याने नर्सशीच हात मिळवला. वेडा.

२५ फेब्रुवारी
मुलगी. ऐकलं मी. खणखणीत, भांडायलाच आल्यासारखं. माझ्यावर गेलीय. तिचंही रक्त तपासलं— एक लाख दहा हजार. "तसं बरंय, पण पुढच्या दोन-चार दिवसांत उतरू शकतं," बाळांचे डॉक्टर म्हणाले. इतक्या आनंदात कोण ऐकतंय!

२७ फेब्रुवारी
दुपटं बदलताना दिसलं. पोटावर बारीक लाल ठिपके. मला वाटलं, नवं कापड काचलं असेल.

बावीस हजार.

माझ्या प्लेटलेट्स मारणारी प्रतिद्रव्यं नाळेतून तिच्यात गेलीत. डोक्याची सोनोग्राफी झाली. आत रक्तस्राव नाही, देवा! एवढ्याशा हातात सलाईन, त्यातून औषध चाललंय.

महिनाभर सगळे मला जपत होते. जपायला हवं होतं तिला— माझ्यापासून.

२८ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध पाजा, त्याने तिला काही होत नाही. नर्सने तिला पुढे केलं. मी हात मागे घेतले. सासूबाई उठून आल्या, माझ्या पाठीशी उशी सारली.
"आधी घे तिला. रडायचं ते पाजता पाजता रड."
घेतलं.