मालकंसातून जोगात नेणारी कळ

मास्तर, तंबोऱ्याचा भोपळा तेवढा विकत आणला. दांडी, तबली, घोडी, मणी, सगळं या हातांनी केलंय. चारही खुंट्या कापडाच्या लूमवरच्या जुन्या धोट्यांच्या लाकडातून काढल्या, कारण वर्षानुवर्षं आपटून मुरलेलं असं लाकूड बाजारात मिळत नाही. घोडीच्या पोटात आवाज उचलणारी चकती बसवली. आणि पहिल्या तारेखाली पितळेची एक कळ केली. दाबली की मध्यमाला लावलेली तार चढून नेमकी पंचमावर थांबते, सोडली की परत मध्यम. अकरा कळा फेकल्या, बारावी ठेवली. हे कुणी शिकवलं नाही. तुम्हीही नाही.

तुम्ही तर गाणं शिकवायला नकारच दिला होतात. धामणकर नाक्यामागच्या तुमच्या घरी मी पंखा दुरुस्त करायला आलो होतो, लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणून नुकताच लागलेला. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी तंबोरा उभा. तुम्ही शाळेतून यायचे होतात, काकू चहा टाकत होत्या, आणि मी सहज एक खुंटी पिळून बघितली. तार तुटली. आता आमच्याकडे ताण्याचा धागा तुटला की काय करतात? गाठ मारतात. मीही मारली, बोटाला लागणार नाही अशी बारीक, आणि मनात म्हटलं, झालं काम. तुम्ही येता, हात धुता, तंबोरा मांडीवर घेऊन एकदाच छेडता. "काय रे, हे कापडाचं ठाण आहे का, गाठ मारून शेठला खपवायला?" काकू पदर तोंडाला लावून हसतायत, मी फरशी बघतोय. मग तुम्ही म्हणालात, "उद्यापासून ड्युटी सुटली की ये. गाणं शिकवणार नाही, तुझा गळा म्हणजे रिक्षाचा हॉर्न. नुसता तंबोरा लावायचा. कान तयार झाला की पुढचं तुझं तू बघ." तीन वर्षं नुसता लावला.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. दोन वेण्या घालून तुमच्याकडे शिकायला यायची ती मुलगी आता मोठी गायिका झालीय. परवा तिचं गाणं आपल्या इथे होतं, साथीला माझा हा तंबोरा, तबला, की-बोर्ड आणि चक्क ड्रम. नाक मुरडू नका, ऐका. ती म्हणाली, "दादा, मालकंस संपवून मी थांबणार नाही, तिथूनच जोगात शिरणार. मालकंसात पंचम वर्ज्य, जोगात तो हवाच. मध्ये तंबोरा लावायला वेळ नाही. तुमची कळ चालेल ना?" तेवढ्यात साऊंडवाला पोरगा मोबाइल दाखवत म्हणतो, "चाचा, रिस्क कायको? तानपुरा इसमें है." मी म्हटलं, "जेब में रख. बिगडा तो मेरा नाम जाएगा, तेरा नहीं." चाचाला आतून घाम फुटला होता, ही गोष्ट वेगळी.

मी तिच्या मागे बसलो. मालकंसाचा शेवटचा षड्ज तिने लांबवला, की-बोर्डवाल्याने तो उचलला, आणि मी दोन झंकारांच्या मध्ये कळ दाबली. पुढच्या फेरीला पंचम बोलला. ना खरखर, ना केसभर वर, ना केसभर खाली. सभागृहात कुणाला काही घडल्याचं कळलंसुद्धा नाही, आणि मास्तर, मला नेमकं तेच हवं होतं. तिने मात्र मान किंचित मागे वळवली, हसली आणि थेट जोगात शिरली.

कार्यक्रम संपल्यावर वाद्यांचा एक मोठा व्यापारी भेटला. कळ विकत मागत होता, साच्यातून शेकड्याने काढायला. मी सांगितलं की तारेच्या जाडीप्रमाणे प्रत्येक कळ हाताने घासून, ऐकून बसवावी लागते. तो म्हणाला, "अहो, पंचम जरा उतरला तर ऐकणाऱ्याला काय कळतंय?" तिथेच नको म्हटलं, चहाही अर्धा ठेवला.

हा कागद तंबोऱ्याच्या गवसणीच्या खिशात ठेवतोय. एक मात्र तुमच्याशी कबूल करतो. घरी बायकोला व्यापाऱ्याचा आकडा निम्माच सांगितला. तो सहा लाख देत होता.