चार पस्तीसचा काटा

२ फेब्रुवारी, रविवार

अकराही घड्याळांना किल्ली दिली. सगळी मनगटी, प्रत्येकाला दोन किल्ल्या – वरची वेळेची, खालची गजराची. गजर एकदा वाजवून पाहायचा, मग गजराचा काटा बारावर आणून पेटीत ठेवून द्यायचं. घड्याळं सोमवारी संध्याकाळपर्यंत टिकटिकतात, मग पुढच्या रविवारपर्यंत गप्प. बावीस वर्षांचा नेम आहे माझा.

ही शेजारीच पेपर तपासत बसली होती. पूर्वी तिसऱ्या घड्याळालाच ओरडायची – "अहो, पुरे! दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय!" हल्ली चकार शब्द नाही. बावीस वर्षांनी का होईना, बाईंना माझ्या छंदाची सवय झाली!

५, बुधवार

तपकिरी तबकडीचं घड्याळ चालू आहे. आज बुधवार! ते परवाच बंद पडायला हवं होतं. वेळही बरोबर. आणि गजराचा काटा बारावर नाही, चार पस्तीसवर. गजराची किल्ली पूर्ण उतरलेली.

मी कधी दिली किल्ली? आणि चार पस्तीसला मला कुठं जायचं होतं?

६, गुरुवार

काटा पुन्हा चार पस्तीसवर. काल मी स्वतः बारावर आणला होता. आणला होता ना?

७, शुक्रवार

पुन्हा चार पस्तीस! बाकीची दहा शहाण्यासारखी बारावर. हेच एक का? सगळ्यात जास्त थरथरतं ते हेच. हातात असताना वाजलं तर कोपरापर्यंत मुंग्या येतात. म्हणून मी घालतही नाही.

दादाचं असंच सुरू झालं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा आणि हा शपथेवर सांगायचा, मी ठेवलाच नाही. शेवटी शेवटी मला म्हणाला, "बसा ना, कुणाकडे आलात?" सख्खा भाऊ! मी छत्तीस वर्षं नकाशे काढले, रेषेची जाडी कधी चुकली नाही माझी. पण दादाही हिशोबाला पक्काच होता.

सतराचा पाढा म्हणून पाहिला. आला. एकोणतीसचा अडला. पूर्वी येत होता का, तेच आठवेना.

८, शनिवार

लेकीचा फोन. तिला सांगितलं, हसण्यावारी नेत. ती हसली नाही. "बाबा, एकदा तपासून घ्या." मग म्हणाली, आईला द्या. हिनं हातानंच खूण केली – नंतर. लेक कुरकुरली, "आई हल्ली बोलतच नाही फोनवर, नुसते मेसेज करते." आता परीक्षा जवळ आल्यात, शाळेत काम असतं तिला. दीड वर्षात निवृत्त होईल, मग बोला म्हणावं तासन्‌तास.

हिला मात्र घड्याळाचं सांगितलेलं नाही. तिला घोर नको. खरं म्हणजे भीती वाटते. सांगितलं की ते खरं होईल असं वाटतं.

११, मंगळवार

सकाळी पेटीवर पांढरा दोरा आडवा ठेवला, झाकणावर रंगवलेल्या लाल फुलीवर बरोबर. ही शाळेत गेली. मी दिवसभर पेटीच्या वाटेला गेलो नाही. संध्याकाळी फिरून आलो, पाहिलं – दोरा जिथल्या तिथं. झाकण उघडलं. चार पस्तीस.

म्हणजे मीच. दोरा ठेवणाराही मी, उचलणाराही मी, आणि मलाच पत्ता नाही! अक्षर बघा कसं आलंय.

१३, गुरुवार

डॉक्टरकडे निघालो होतो, पाय घड्याळजींकडे वळले. तपकिरी सोबत घेतलं होतं, सकाळीच, ही आंघोळीला गेली तेव्हा. घड्याळजींनी मागचं झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "साहेब, याच्यामागे हात धुऊन लागलात की काय? गजराची स्प्रिंग पार दमलीय. रोज सहा-सात वेळा वाजल्याशिवाय असं होत नाही."

सहा-सात वेळा! मी घरात असतो, मला ऐकू आलं नसतं?

मग त्यांनी ब्रशनं किल्लीची खाच साफ केली. पांढरी पूड पडली. "घराला रंग देताय?" मी बोटावर घेऊन चोळली.

खडू. ही पूड मी एकतीस वर्षं हिच्या बाह्यांवर बघतोय.

घरी आलो तर ही शाळेतून येऊन पलंगावर बसलेली, चेहरा उतरलेला. "डोकं दुखतंय," म्हणाली. "आज कसाबसा दिवस काढला."

१४, शुक्रवार

विचारलंच. पहिल्यांदा उत्तर नाही. समोर जाऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "हो, नेलं होतं. मुलांना दाखवायला." आणि कणीक मळायला लागली.

मी भ्रमिष्ट नाही! इतका आनंद झाला की हिच्याकडे नीट पाहिलंही नाही. लेकीला फोन केला, बढाया मारल्या, एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला.

दुपारी मात्र डोकं पुन्हा चालायला लागलं. दाखवायला एकदा नेतात. रोज का? दोरा परत फुलीवर ठेवण्याइतकी लपवाछपवी कशासाठी? चार पस्तीसला तिचा शेवटचा तास संपतो. पण तेव्हा घंटा होतेच की! सगळ्या तासांना होते, रस्त्यापर्यंत ऐकू येते. घंटा असताना माणसाला गजर कशाला लागतो?

राग आलाय. कुणाचा, ते कळत नाही.

१६, रविवार

अकराही घड्याळांना किल्ली दिली. ही टेबलाशी, माझ्याकडे पाठ, पेपर तपासत. तिच्या मागे उभा राहून एकेक गजर वाजवला. तिसरं. सातवं. दहावं. लाल पेन चालूच.

तपकिरी राहिलं होतं. ते तिच्या हाताजवळ टेबलावर ठेवलं. लाकूड थरथरलं आणि तिनं दचकून मान वर केली. आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दीडच वर्ष राहिलंय," म्हणाली. "शाळेत कळलं तर घरी बसवतील. कुणाला सांगू नका."

मी म्हणालो, नाही सांगत. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

घड्याळजींकडे उद्या नवी स्प्रिंग बसवायला टाकतो. तोवर निळ्या तबकडीचं चालेल तिला. मनगटावर घालून पाहिलं, तेही बरं थरथरतं.