खोक्यातल्या पुऱ्या

२ फेब्रुवारी १९५८, रविवार

खोकी! पुठ्ठ्याची खोकी! दुपारपासून डोकं तापलंय. दोन तांबे पाणी प्यालो, तरी उतरत नाही.

सकाळी वाचनालयाच्या नव्या ओट्यावर समितीची बैठक होती. सोळा तारखेला उद्घाटन. दोनच खोल्या, पण विटा आम्ही भाजल्या, भिंती आम्ही चढवल्या, आत ठेवायची पुस्तकं माझ्या ट्रंकेतली. त्या दिवशी आमच्या रोहणा गावातल्या सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही धर्म बदलून सोळा महिने झाले. गावानंही काही बदलावं की नाही?

तेवढ्यात आमच्याच वस्तीतला लहानू निरोप घेऊन आला. तो पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत हमाली करतो आणि सदाशिवरावांच्या ओसरीवर त्याची ये-जा असते. सदाशिवराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. खादी घालतात, सुधारक म्हणवून घेतात. ते पन्नास माणसं घेऊन आमच्या पंगतीला यायला तयार आहेत! आम्ही टाळ्या वाजवणार, इतक्यात लहानूनं पिशवीतून एक खोकं काढलं.

नागपूरच्या कुठल्याशा हॉटेलातलं. झाकणावर कागद डकवून बंद केलेलं. आत सहा पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कागदात बांधलेली बुंदी. अशी साडेतीनशे खोकी गाडीनं पुलगावला येणार आणि तिथून आर्वीच्या छोट्या गाडीनं इथं. ज्यानं त्यानं आपलं खोकं फोडायचं आणि शेजारी शेजारी बसून खायचं.

"म्हंजे कोनाच्या हातचं हाय, हे कोनी इचारतच नाई!" लहानू म्हणाला. केवढी युक्ती सापडल्यासारखा चेहरा!

मी विचारलं, "आणि आमच्या हातचं असलं तर?"

लहानूनं खोकं सगळ्यांपुढे फिरवलं. बाकीचे पुऱ्या खात होते. मीही एक तोंडात टाकली. थंड, चिवट, दाताखाली सरकणारी. कालची असावी. वाईट होती म्हणून राग आला असं नाही. चांगली असती तरी आला असता.

४ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर सदाशिवरावांकडे गेलो. ओसरीवर बसवलं. चहा आला — त्यांना कपबशीत, मला काचेच्या पेल्यात. तो पेला कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो, हे मला माहीत आहे. त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे.

"मास्तर, एकदम उडी नका मारू. पहिले लोकायले बाजूले तर बसू द्या. हातचं खानं मंग पाहू."

"मग म्हणजे कधी?"

"हे असं हाय तुमचं! तोंड उघडलं का समोरच्याले चीत करता. मले पन्नास घरं संगं घेऊन चालाचं हाय."

"विटाळ पुठ्ठ्यातून आत शिरत नाही, हा शोध कोणी लावला?"

ते हसले. मला हसू आलं नाही. चहा घेऊन आलेली त्यांची बायको, यशोदाबाई, दारातच उभी होती. ती म्हणाली, "माह्या हातचा च्या मास्तरले चालते. मास्तरच्या घरचा आपल्याले काऊन चालत नाई? गंमतच हाय बाप्पा!"

"तू आत जा," सदाशिवराव म्हणाले. ती गेली, पण सावकाश गेली.

याच ओसरीखाली माझी आई संध्याकाळी पदर पसरून उभी राहायची. उरलेली भाकर, वरून आमटीचं पाणी. वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या यांच्या हातचं आम्ही खाल्लं. उरलेलं खाल्लं, आंबलेलं खाल्लं. त्याला कधी खोकं लागलं नाही! आज आमच्या हातचं यांच्या तोंडात जायची वेळ आली, तर मध्ये पुठ्ठा!

यांना जवळ बसायचं आहे. आमचं खायचं नाही. आणि याला म्हणायचं सहभोजन!

६ फेब्रुवारी

बैठक. मी पाऊण तास बोललो. घसा बसला, पण बाजी मारली.

म्हणालो, जेवण इथंच शिजेल, आपल्या वस्तीत, आपल्या चुलीवर. आणि पदार्थ तेच ठेवा — पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी. म्हणजे त्यांच्या खोक्यात आणि आपल्या पत्रावळीत फरक एवढाच राहील, हातांचा. मग ज्याला नको असेल त्यानं उघड सांगावं की मला पुरी नको असं नाही, मला तुझे हात नकोत!

सगळ्यांचे हात वर. लहानूचासुद्धा, जरा उशिरा. "मास्तर, सोन्यासारखं बोललात!" असं तिघं-चौघं म्हणाले.

७ फेब्रुवारी

सखू — माझी बायको — दिवसभर बोलली नाही. ताट ठेवलं, गेली.

८ फेब्रुवारी

सखू का बोलत नव्हती, ते कळलं!

सकाळी कमलामावशी दारात. मागे वस्तीतल्या आठ-दहा बाया. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, म्हणून ती मला मास्तर वगैरे म्हणत नाही.

"प्रेमदास, परवा किती हात वर झालते रे?"

"सगळे."

"त्यातले कनकेत किती जानार?"

मी म्हणालो, हा प्रश्न कणकेचा नाही, स्वाभिमानाचा आहे.

"व्हय ना! तीनशे मान्साचा स्वाभिमान. पहाटं उठून आमीच लाटू त्याले." मागच्या बाया खळखळून हसल्या. "आमाले खोके पाह्यजे. तुया सदाशिवरावाले सांग, मांगव म्हनाव."

माझ्याच घरात फितुरी! म्हणालो, मावशी, ज्यांनी तुला वरून भाकर टाकली त्यांची बाजू घेतेस?

ती चिडली नाही. ते जास्त लागलं.

"मले त्याचं काय कराचं हाय? मले तुयं भाषण आयकाचं हाय. आर्वीले बोल्ला, कारंज्याले बोल्ला, इथं किती खेपा बोल्ला. दरवेळी मी मांडवाच्या मांगं, धुरात. टाळ्या आयकू येतात, बोल आयकू येत नाई. नागपूरले दीक्षेच्या दिवशी आयकलं, तेवढंच. त्या दिवशी सगळ्यायनं भाकरी बांधून नेल्लत्या, कोनाले रांधाचं नव्हतं, म्हून बाया समोर बसल्या. डबा असू दे का खोकं असू दे. मले समोर बसाचं हाय."

मी सखूकडे पाहिलं. ती म्हणाली, "सात वर्सं झाले लग्नाले. लोक म्हन्तात तुमी लय छान बोलता. असन."

असन! असेल म्हणे! तेवढंच.

९ फेब्रुवारी

दिवसभर रागात. कोणावर, ते ठरेना.

ट्रंक उघडून बसलो. यात क्रांत्या आहेत, धर्म आहेत, राज्यं उलथली आहेत. हजारो माणसं एकत्र जमतात, शपथा घेतात, मोर्चे काढतात. ती त्या दिवशी काय जेवली आणि कोणी रांधलं, हे एकाही पानावर नाही. मीही कधी विचारलं नाही. मी तर बोलत होतो!

पण म्हणून खोकी? नाही! नाही म्हणजे नाही. बाया समोर बसतील, आणि जेवण आपल्याच हातचं होईल. हात आम्हालाही आहेत.

११ फेब्रुवारी

पुरुष रांधतील, असं जाहीर केलं. एकदम हशा. "मास्तर, तुमाले कनीक मयता येते काय?" येत नाही! शिकेन!

आज आमच्या अंगणात तालीम. लहानू, मी आणि आणखी चौघं. पहिली कणीक ताकासारखी झाली. पीठ घातलं तर विटेसारखी. लहानूनं लाटलेल्या पुरीला तीन कोपरे. माझी पुरी कढईत फुगली नाही, नुसती पडून राहिली आणि तेल पीत राहिली. बुंदीचा एकच गोळा झाला, तो झाऱ्यातून सुटेना. लहानू म्हणाला, "डेपोत ठेवून देऊ. दारूगोयात खपून जाईन."

सखू भिंतीला टेकून हसत होती. आठवड्यात पहिल्यांदा. एक शब्द सांगितला नाही, एक हात लावला नाही. म्हणाली, "नाई. तुमचं तुमीच करा. मी हात लावला का पुढच्या खेपेले पुन्हा मीच."

बोटावर फोड आलाय. लेखणी नीट धरवत नाही.

१३ फेब्रुवारी

सदाशिवरावांना कळवलं — खोकी नकोत. उत्तर आलं: मग आमचं येणं होणार नाही. कोणाचंच.

लहानू म्हणाला, "पन्नास मानसं येत होते मास्तर. पयल्यांदा येत होते. तुमची जिद्द राह्यली, मानसं गेली."

मी त्याला नको ते बोललो. लाचार म्हणालो. तो उठून गेला नाही, बटाटे सोलत बसला. सालं जाड काढतो. तेवढंच त्याला पुन्हा सांगितलं, बाकीचं मागे घेता आलं नाही.

खरंच येत होते का ते? की त्यांची खोकी फक्त येत होती?

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं.

पहाटेपासून चूल. बारा जण आळीपाळीनं. अकरा वाजता मला मंचावर बोलावलं, तेव्हा पुऱ्या निम्म्याही झाल्या नव्हत्या. अंगाला तेलाचा वास, सदऱ्यावर पीठ, तसाच उभा राहिलो. समोर बाया. पहिल्या चार रांगा नुसत्या बाया! मधोमध मावशी, शेजारी सखू. मी हजारांच्या सभा केल्यात, पण पहिली दोन वाक्यं जिभेवर येईनात.

मग सुरू झालो. चांगला बोलत होतो. आणि ऐन रंगात मांडवामागून हसण्याचे आवाज. बायकांचे! पुन्हा! माझा धागा तुटला. वाटलं, आपलेच लोक थट्टा करतायत. दातओठ खात भाषण पुरं केलं आणि तडक मागे गेलो.

मागे यशोदाबाई पोळपाटापुढे मांडी घालून बसलेली! सोबत गावातल्या तीन बाया कुंपणापाशी, तोंडाला पदर लावून. पुरुष पुऱ्या तळतात हे गावभर झालं होतं, ती गंमत बघायला आल्या होत्या. आणि लहानूच्या वाकड्या पुऱ्या बघवेनात म्हणून ही कुंपण ओलांडून आत आली. "सरक भाऊ! तेल जयून राह्यलं, आन् तू नकाशे काढून राह्यला!" म्हणाली आणि त्याच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. त्याच्याच हातातलं!

दहा वर्षं ज्या गोष्टीसाठी घसा फोडतोय, ती माझ्या पाठीमागे घडत होती आणि मी तिकडे पाठ करून भाषण ठोकत होतो.

मी काही बोलणार, तर ती म्हणाली, "मास्तर, उभे काऊन? झारा घ्या."

घेतला. पुऱ्या फुगल्या.

पंगत उठल्यावर मावशीला विचारलं, कसं झालं भाषण? "बरं झालं. लांबलं जरा. आन् तू सारखा रागावूनच काऊन बोलतं रे?"

१७ फेब्रुवारी

सदाशिवराव शाळेच्या फाटकाशी भेटले. खुशीत! "मास्तर, आधी सांगाचं ना, आमच्या घरची बाई पुऱ्या कराले हाय म्हून! पन्नास काय, शंभर आनले असते. म्हंजे आमच्याच घरचं जेवन होतं म्हना की!"

गावात हेच फिरतंय. सगळं तिनंच रांधलं. तिनं आमच्यावर उपकार केले. आमच्या बारा माणसांचे भाजलेले हात एका दिवसात गायब! मी तिथंच फाटकावर ओरडलो. मुलं बघत होती. ओरडून काय झालं? ते हसत गेले.

१८ फेब्रुवारी

सखू बाजारातून आली ती धापा टाकत. यशोदाबाई भाजीवाल्यांच्या रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली: "कनीक लहानूनं भिजवली. मीठ मास्तरनं टाकलं, आन् जास्तच टाकलं. भाजी तेथच्याच मान्सायनं केली. मी शेवटच्या शंभरेक पुऱ्या लाटल्या. आन् सात खाल्ल्या, त्यायच्यात बसून. कोनाले काय म्हनाचं हाय ते माह्या तोंडावर म्हना."

मग पिशवीत वांगी भरून घेतली आणि निघाली, असं सखू सांगते.

सहा वाक्यं. मला पाऊण तास लागतो!

२१ फेब्रुवारी

यशोदाबाईला सासूनं चुलीपासून उठवलं. तिच्या हातचं घरात कोणी खात नाही. सदाशिवरावही नाही. तिनं गोठ्यापाशी तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवली आहे.

आज सखू आणि कमलामावशी तिच्याकडे जेवायला गेल्या. भर दुपारी, समोरच्या दारानं.

मला बोलावणं नव्हतं.