कपाळवाली गाडी

७ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय घेतोय, आणि मोठ्या निर्णयाची कुठेतरी नोंद हवी. निवृत्तीनंतर मोटरहोम घ्यायची. चाकांवरचं घर. ओटा, संडास, पलंग, सगळं बरोबर घेऊन फिरायचं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, चालेल. ठराव एकमताने मंजूर.

७ मार्च, संध्याकाळ
ऑफिसात सांगून टाकलं. खरं तर थांबणार होतो. पण पॅकिंगमधले सुस्कारे आले. खरं आडनाव वेगळं आहे, पण दर वाक्याआधी सुस्कारा टाकतात, म्हणून अख्खा कारखाना त्यांना सुस्कारेच म्हणतो. आता दिवसभर घरी काय करणार हो तुम्ही, असं विचारलं त्यांनी, आणि आवाजात माझी कीव होती. म्हणालो, गाडी घेतली. "घेतोय" म्हणायचं होतं. जीभ घसरली. सगळ्या टेबलांवरून माना वर झाल्या. आता घ्यायलाच हवी.

१० मार्च
ब्रोशर आणलं. तीन प्रकार आहेत, आणि फरक सगळा ड्रायव्हरच्या डोक्यावर. पहिल्या प्रकारात कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हर बसतो त्या भागाच्या, वर खोली पुढे आलेली असते, त्यात डबल बेड, शिडीने चढायचं. हिचं नाव मी कपाळवाली ठेवलंय. दुसरीचं छत बुटकं, कपाळ मागे उतरतं, वर नुसते कप्पे. झोपायचं मागे, खाली. ती चपटी. तिसरी समोरून सरळसोट बससारखी, पलंग छतातून खाली उतरतो. ती बसतोंडी.
आत लिहिलंय, घाई करू नका, कोण कुठे झोपणार याचा आधी विचार करा. विचार केला. कपाळवाली.

१४ मार्च
कपाळवालीत सहाजण झोपतात. आम्ही दोघं, लेक, जावई, दोन नातवंडं. हिशेब चोख. लेकीला फोन केला. बघू म्हणाली. "बघू" म्हणजे होच, फक्त जरा आढेवेढे घेऊन. बायको म्हणाली, तिचं "बघू" मला माहीत आहे. बायकांना उगाच शंका.
बायको गच्चीवरून कपडे घेऊन उतरत होती. हल्ली आडवी होऊन उतरते, कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गुडघ्याचं डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. मी म्हणालो, गाडीतली शिडी म्हणजे तुला फुकटचा व्यायाम. तिने कठडा धरून पुढची पायरी घेतली. पटलं असावं.

१९ मार्च
डीलरकडे गेलो. विक्रेता तरुण, टाय इतका घट्ट की बघून आपल्यालाच ठसका लागावा. आम्ही त्याला टायसाहेब म्हणतो, अर्थात घरी.
बायको चपटीत शिरली ती मागच्या पलंगावर बसूनच राहिली. हाताने गादी दाबून पाहिली. म्हणाली, इथे पाय जमिनीला टेकतात. मी म्हणालो, पाय टेकायचे तर ते घरीही टेकतात की. टायसाहेब हसले. तीही हसली. माझी विनोदबुद्धी अजून शाबूत आहे.
टायसाहेब म्हणाले, घाई नको, कपाळवाली आधी भाड्याने नेऊन बघा. बायको म्हणाली, चालेल.

२८ मार्च, सकाळ
भाड्याची कपाळवाली घेऊन निघालो. उंच बसल्यावर माणसाचा स्वभावही उंचावतो. संकल्प: प्रवासात कुणावर चिडायचं नाही.

२८ मार्च, संध्याकाळ
तळ्याकाठचा तळ. छान जागा, फक्त झाडं फार खाली वाकलेली. गाडी मागे घेताना बायको खाली उतरून हात दाखवत होती. दोन्ही हात वर केले तिने. दोन्ही हात वर म्हणजे काय? मला वाटलं, या, या. ती म्हणत होती, थांबा, वर फांदी. कपाळाला ओरखडा. गाडीच्या.
मग मी तिला जरा मोठ्याने बोललो. मोठ्याने म्हणजे ओरडलोच. एवढं साधं येत नाही का, असं काहीतरी. बाजूच्या गाडीतले नवराबायको खुर्च्या टाकून चहा घेत होते, त्यांनी कप खाली ठेवले. नंतर लाज वाटली. ओरखड्याची. नवी गाडी, लोक काय म्हणतील.
संकल्प उद्यापासून.

२८ मार्च, झोपण्यापूर्वी
झोपायची व्यवस्था लावली. खालचं टेबल दुमडून एकाचा पलंग होतो. तो मी घेतला. ड्रायव्हरची झोप हा सुरक्षेचा प्रश्न आहे, यात स्वार्थ नाही. वरचा डबल बेड अख्खा बायकोला. राणीसारखी झोप म्हणालो. चढताना जरा वेळ लागला तिला, पण चढली. शिडीचा पाय नेमका माझ्या गादीत रुततो, म्हणून शिडी काढून दारामागे उभी केली. तिला सांगितलं, सकाळी लावून देतो. चालेल म्हणाली.

२९ मार्च
उत्तम झोप झाली. उठलो तर बायको वर बेडच्या काठावर बसलेली. छत खाली, त्यामुळे मान वाकवून. कधीची जागी आहेस, विचारलं. म्हणाली, मघाशीच. मला हाक का नाही मारलीस? म्हणाली, तुमची झोप सुरक्षेचा प्रश्न आहे ना. समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं. शिडी लावून दिली. खाली आली ती थेट संडासात.
दिवसभर तळं पाहिलं. दुपारनंतर तिने चहा नको म्हटलं. संध्याकाळी सूप केलं, तेही नको. पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली, राहू दे. वजन उतरवायचं मनावर घेतलेलं दिसतं. मी कौतुक केलं. ओठ कोरडे पडले होते तिचे. तळ्यावरचा वारा वाईट.

३० मार्च
परत आलो. घरात शिरल्याबरोबर बायको माठाकडे गेली आणि उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्यायली. वर आणखी एक भांडं. सुट्टीने माणूस ताजातवाना होतो तो असा.

२ एप्रिल
ऑफिसात प्रवासवर्णन सांगितलं. फांदी वगळून. सुस्कारे म्हणाले, वहिनींना आवडली का? म्हणालो, आवडली म्हणजे, डबल बेडवर एकटी झोपली, राणीसारखी. सुस्काऱ्यांनी सुस्कारा टाकला. फोटो दाखवा म्हणाले. फोटो काढायचे राहिलेच. माझी गाडी आहे की नाही याचीच शंका येऊ लागलीय त्यांना. मलाही येते कधीकधी.

५ एप्रिल
लेकीचा फोन. आई कुठे झोपली होती, म्हणाली. सांगितलं, डबल बेडवर. तो बेड कुठे होता? म्हटलं, गाडीत. मग म्हणाली, बाबा, आईला फोन द्या. मी दिला आणि बाहेर जाऊन गॅलरीतली झाडं पाहिली. कुंड्या कोरड्या होत्या. मला का कोण जाणे त्या फोनमध्ये काय चाललंय ते ऐकायचं नव्हतं. पाणी घातलं झाडांना.
तिघा-चौघांना विचारत बसलं तर निर्णय होत नाहीत. कपाळवालीच. येत्या रविवारी बुकिंग.

१२ एप्रिल
हे लिहायचं नव्हतं. पण ठरवलंय रोज खरं लिहायचं, तर लिहितो.
डीलरकडे गेलो. बायको काचेच्या केबिनमध्ये बसली, कागद तयार होत होते. मी टायसाहेबांना म्हणालो, बुकिंगआधी माझा एक फोटो काढा, वरच्या बेडवर, ऐटीत, ऑफिसात दाखवायला. चढलो. चढताना काही वाटलं नाही. फोटोत शिडी दिसत होती, शिडीमुळे माणूस म्हातारा वाटतो. काढा ती, म्हणालो. त्यांनी काढली. फोटो काढला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, समोरच्या गाडीजवळ कुणी गिऱ्हाईक आलं होतं. आलोच म्हणाले, आणि शिडी हातात घेऊन गेले.
मग मी वर, एकटा. बसावं तर डोकं छताला लागतं. आडवं व्हावं तर छत नाकाशी. खाली बघितलं. कॅबमधून बघताना ही उंची काहीच वाटत नव्हती. पाय सोडून पाहिले. टेकत नाहीत. हाक मारावी, तर आसपास अनोळखी लोक फिरत होते, आणि हा कोण म्हातारा वर अडकलाय म्हणून त्यांनी बघितलं असतं. म्हणून मारली नाही. मान वाकवून काठावर बसून राहिलो. सकाळपासून दोन कप चहा झाला होता, त्याची आठवण येऊ लागली.
बऱ्याच वेळाने बायको शोधत आली. दारात उभी राहून वर बघितलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. हातात पाण्याची बाटली होती, केबिनमध्ये दिलेली. ती वर धरली.
"पाणी घ्या."
"नको."
"का?"
मला उत्तर माहीत होतं. ते तिलाही माहीत होतं. तळ्याकाठी दोन दिवस तिला तेच उत्तर माहीत होतं, आणि वजन उतरवतेय म्हणून मी तिचं कौतुक केलं होतं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. छताकडे बघावं तर तेही फार जवळ होतं.
ती गेली. वाटलं, आता ठेवते मला इथेच, आणि ठेवलं असतं तर बोलायला मला तोंड नव्हतं. पण ती शिडी घेऊन आली. मी न विचारताच तिने ती आकड्यात अडकवली, हलवून पाहिली. म्हणाली, तोंड भिंतीकडे करा. आधी उजवा पाय. घाई नको. डाव्या हाताला पडद्याखाली एक कडा आहे, ती धरा. कडा होती. मला ती दिसली नव्हती. तिला कशी माहीत, हे विचारणार होतो. विचारलं नाही. अंधारात हाताने चाचपूनच सापडली असणार. शिडी नसताना.
खाली आलो आणि थेट संडासात गेलो.
बाहेर आलो तेव्हा टायसाहेब कागद घेऊन उभे होते. सही इथे, म्हणाले. मी पेन काढलं नाही. बायको त्यांना म्हणाली, "ही नाही चालणार." एवढ्या वर्षांत ते तीन शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. किंवा आधीही म्हणाली असेल, माझं लक्ष नसेल.
घरी येताना मला माफी मागायची होती. सिग्नलला थांबलो की सुरुवात करायचो, आणि दिवा हिरवा व्हायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी म्हणालो, तू सांगायचं होतंस. माफी मागायला गेलो आणि तोंडातून हे निघालं. ती म्हणाली, "तुम्ही विचारायचं होतं."

१३ एप्रिल, सकाळ
ऑफिसात सांगितलं, गाडी घेतलेली नाही. कधीच घेतली नव्हती. सुस्काऱ्यांनी या वेळी सुस्कारा टाकला नाही, हे जास्त लागलं.

१३ एप्रिल, संध्याकाळ
घरी आलो तर बायकोची बॅग भरलेली. लेकीकडे जातेय म्हणाली, थोडे दिवस. तिथे तिची खोली तळमजल्यावर आहे. चपटीचं ब्रोशर मी टेबलावर उघडून ठेवलं होतं, मागच्या पलंगाचं पान. तिने ते पाहिलं, मिटलं आणि कपाटावर ठेवलं. आल्यावर बघू, म्हणाली. लेकीचं "बघू" तिला कळतं. तिचं मला कळलं नाही. कधी येशील, विचारलं. तेही बघू.
मीही येऊ का, म्हणालो.
"नको," ती म्हणाली. "तुम्ही राहा इथे. चालेल ना?"
चालेल, म्हणालो.