उघडेरावांच्या पोटात भूक सापडेना

चि. बारक्यास,

तुझ्या भाऊजीचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझ्या बायकोचा दमा आणि तुम्हा दोघांची भांडणं (तिन्ही थंडीत वाढतात म्हणून एकत्रच विचारतो) आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे मजेत आहोत. पत्राच्या सुरुवातीला असं लिहावं लागतं म्हणून लिहिलं. आता लिहून झालं, तेव्हा खरं सांगायला मोकळा झालो. तुझी ताई जेवत नाही.

ऑपरेशनला परवा सात आठवडे झाले. पोटाच्या पिशवीचे तीन भाग धरले तर दोन काढले, एक ठेवला, आणि तो खाली लहान आतड्याला शिवला. शिवण चांगली आहे म्हणतात. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की थोडं थोडं, पण दिवसातून सात वेळा पोटात गेलंच पाहिजे. ही तीन चमचे मऊ भात घेते आणि चौथा चमचा दिसला की तोंड असं फिरवते, जसा काही त्या चमच्यात मीच बसलोय. वजन मागच्या तपासणीला बेचाळीस भरलं होतं. चाळीसच्या खाली गेलं तर पोटाला बारीक भोक पाडून थेट आतड्यात नळी घालायची आणि तिच्यातून पातळ अन्न सोडायचं, असं ठरलंय. हे ऐकून तुझी ताई डॉक्टरांना म्हणाली, "मी काय बाग आहे, नळीनं पाणी घालायला?" डॉक्टर हसले. मी हसलो नाही, कारण तिचं 'नको' काय चीज आहे ते त्यांना माहीत नाही, तुला आणि मला माहीत आहे. (लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी मिशी ठेवू का असं विचारलं होतं. त्या 'नको'ला यंदा बेचाळीस वर्षं झाली.)

आता तू म्हणशील, भाऊजी, तुम्ही काय केलंत? अरे, मी माझ्या परीनं शास्त्रीय मार्ग धरला. माझं शिक्षण किती ते तुला ठाऊक आहे, पण शाळेच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं बाटल्या पुसताना बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचूनच माणूस निम्मा शहाणा होतो. उरलेला निम्मा मी उघडेरावांच्या संगतीत झालो. उघडेराव तुला आठवत नसतील. डोक्यापासून कंबरेपर्यंतचा तो पुतळा, हात नाहीत, पाय नाहीत, छातीपोटाचं झाकण काढलं की आतलं एकेक सुटं करून मुलांना दाखवता येतं. नाव मुलांनीच ठेवलेलं. मला वाटलं, हिला जर नीट दाखवलं की घास कुठून कुठे जातो, कुठे शिवलंय, कुठे जागा आहे, तर हिची भीती जाईल. भीती गेली की घास जाईल. सरळ हिशेब.

शाळेत गेलो तर उघडेराव जिन्याखाली, मोडक्या बाकांवर, तोंड भिंतीकडे करून. आता मुलं सगळं पडद्यावर बघतात म्हणे. नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "न्या काका, पुढच्या आठवड्यात भंगारातच जाणार होते." भंगारात जाणारे आम्ही दोघे मग बसनं घरी निघालो. त्यांना चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. चादरीतून फक्त टक्कल दिसत होतं, त्यामुळे शेजारच्या बाईंनी अतिशय मायेनं विचारलं, "आजारी आहेत का हो?" मी म्हटलं, "नाही, यांना काही होत नाही, आजारी घरी आहेत." तेवढ्यात बसनं गचका दिला आणि उघडेरावांचं यकृत निसटून घरंगळत थेट ड्रायव्हरपर्यंत गेलं. पुढचं काय सांगू! एक बाई सीटवर चढल्या. एक गृहस्थ खिडकीतून बाहेर बघत राहिले ते आपला थांबा गेला तरी बघतच राहिले. कंडक्टरनं यकृत उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि मला म्हणाला, "काका, घरातलं सामान आहे की काय हे?" (यकृत उजव्या बाजूला असतं, चांगलं दीड किलोचं. ड्रायव्हरच्या पायाशी ते शोभत नाही, एवढंच मी कबूल करतो.)

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर उघडेरावांना बसवलं आणि तुझ्या ताईला उशी लावून समोर बसवलं. तुझ्या लिफ्टच्या धंद्यातलं उदाहरण घेऊन समजावलं. म्हटलं, तोंड म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्याचं फाटक. दात, जीभ, लाळ हे पहारेकरी. त्याच्या मागे अन्ननलिका, एक वीतभर लांब, ही म्हणजे बारक्याची लिफ्ट, फक्त खाली जाणारी. आणि हिला वीज लागत नाही, भिंतीच घासाला ढकलत नेतात; माणूस डोक्यावर उभा राहिला तरी घास पोटातच जातो. तिला हे पटेना. म्हणून मी बैठकीच्या खोलीत भिंतीला पाय लावून डोक्यावर उभा राहिलो आणि केळ्याचा तुकडा खाल्ला. केळं बरोबर गेलं. मीच परत सरळ होईना. शेवटी वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आल्या, त्यांनी एक पाय धरला, तुझ्या ताईनं खुर्चीतूनच सूचना दिल्या आणि माझी सुटका झाली. (त्या बाई आता जिन्यात भेटल्या की माझी विचारपूस आधी करतात, हिची नंतर.) मग पोटाची पिशवी काढून किती कापली ते खडूनं आखून दाखवलं. लहान आतडं काढलं, सहा मीटर लांब असतं सांगितलं, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी लावून दाखवली, मग परत आणली. म्हटलं, बघ, केवढी जागा आहे! पिशवी लहान झाली म्हणून काय झालं, पुढे एवढा मोठा रस्ता तुझी वाट बघतोय.

तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. एकेक भाग हातात घेऊन पाहिला, पदरानं पुसून जागच्या जागी ठेवला. मग मला विचारलं, "यात भूक कुठे असते?"

बारक्या, तेहतीस वर्षांत एकाही मुलानं हा प्रश्न विचारला नव्हता. मी सगळे भाग परत काढले. पिशवी बघितली, स्वादुपिंड बघितलं, पित्ताची ती एवढीशी हिरवी पिशवी बघितली. तुझी ताई बिचारी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, बहुतेक डोक्यात असते, आणि यांचं डोकं उघडत नाही. ती म्हणाली, "असू दे," आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी दोनच चमचे.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मी उघडेरावांचं आतडं कापडी पिशवीत घालून बरोबर नेलं, की डॉक्टरांकडून टाके नेमके कुठे त्याची पेन्सिलीनं खूण करून घ्यावी. मोठे डॉक्टर नव्हते, त्यांच्या हाताखालची तरुण डॉक्टरीणबाई होती, ऑपरेशनच्या वेळी तीही आत होती. आपल्याच शाळेची, दुसऱ्या बाकावर बसून नखं खाणारी. तिनं आतडं हातात घेतलं आणि बघतच राहिली. मग म्हणाली, "काका, हे उलटं आहे." मी म्हटलं, तू उलटं धरलंयस. ती म्हणाली, "नाही हो, बनवलंयच उलटं. अपेंडिक्स डावीकडे आहे." आणि मला सगळं आठवलं. मूळचं आतडं नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून फुटलं होतं. कुणाला कळू नये म्हणून मी कागदाच्या लगद्याचं नवीन बनवलं. त्यासाठी भिंतीवरचा तक्ता खिडकीच्या काचेवर लावून त्यावरून आकृती गिरवून घेतली. तक्ता काचेला लावला होता तो पाठीकडून! बसेना म्हणून कोपरे कानशीनं घासले आणि बसवलं. एकतीस वर्षं. सगळ्या गावाची पोरं माझ्या हातून डावीकडे अपेंडिक्स घेऊन बाहेर पडली.

मला दरदरून घाम फुटला, पण तो पोरांसाठी नाही. माझ्या डोक्यात एकच, की ही पोरगी माझ्या त्या नकाशावर शिकली, आणि तुझ्या ताईच्या पोटात हिचा हात होता! मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, हात जोडून विचारलं, "बाई गं, तू हिला कुठल्या बाजूनं शिवलंस?" ती पोरगी एवढी हसली की तिला टेबल धरावं लागलं. म्हणाली, "काका, पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मी अपेंडिक्स डावीकडे दाखवलं. परीक्षक म्हणाले, पुढच्या खेपेला या, येताना स्वतःचं पोट बघून या. सहा महिने रडले मी. म्हणजे ते तुम्ही होतात तर!" आणि तुझी ताई हसली. टाके दुखले म्हणून दोन्ही हातांनी पोट धरलं, तरी हसली. घरी येताना रिक्षात हसली. संध्याकाळी सात चमचे भात आणि अर्धं उकडलेलं अंडं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो थोडा वेळ.

तेव्हापासून दहा दिवस मी तिला हसवायचा प्रयत्न करतोय. उघडेरावांना माझा कोट घातला. त्यांच्या पोटात बटाटे भरून ठेवले. शाळेतले सगळे जुने किस्से सांगितले, संपले, मग बनवून सांगितले. ती मान हलवते, कधी माझं मन राखायला ओठ हलवते. चमचे परत तीनवर. माझ्यासारखा माणूस एकदाच विनोदी होतो रे, तोही चुकून. वजन काल एक्केचाळीस भरलं. पुढच्या सोमवारी परत बघणार आहेत.

बाकी ठीक. तुझ्या बायकोला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा भाऊजी

ता. क. तू पाठवलेली फळं पोचली. ती कापून, दळून, गाळून दिली, दोन घोट घेतले. फळांबद्दल आभार, पण मी फळांची वाट बघत नव्हतो. दवाखान्यात तू आलास, दारातून तिला बघितलंस, आणि लिफ्टचं काम निघालं म्हणून गेलास ते आलाच नाहीस. तुला वाटत असेल भाऊजींना राग आलाय. छे रे. तू दवाखान्याच्या जिन्यात रेलिंग धरून उभा होतास ते मी वरून बघितलं होतं. मीही रोज त्याच पायरीवर थांबून तोंड पुसून वर जायचो. भीती वाटते ना, मलाही वाटते. पण रविवारी ये. काही बोलू नकोस, काही आणू नकोस. नुसता तिच्यासमोर बसून जेव. तुला जेवताना बघून ती तुझ्या ताटात वाढायला उठते, हे मी बेचाळीस वर्षं बघतोय. एखादा घास तिच्याही तोंडात जाईल.

ता. क. दुसरा. हे पत्र तिला दाखवलेलं नाही. ती झोपलीय. मी तिकीट आणायला कोपऱ्यावर जाऊन येतो.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं दिसेल). बारक्या, मी झोपले नव्हते. वाचलं सगळं. यात एक गोष्ट यांनी लिहिलेली नाही. दीड महिना झाला, हा माणूस धड जेवलेला नाही. माझ्यासमोर बसून चमचा धरतात, आणि स्वतःचं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवतात. सकाळी ते तसंच शिवणकामवाल्या बाईंच्या मांजराला जातं. पँट आता सुतळीनं बांधतात, यांना वाटतं मला दिसत नाही. पोट माझं कापलं आणि भूक यांची गेली. म्हणून काल त्या डॉक्टर पोरीला फोन करून नळीला हो म्हटलंय. सोमवारी घालणार. यांना सांगितलेलं नाही (पत्र होतं तसं पाकिटात घालून ठेवते, हे परत उघडून बघायचे नाहीत), तू सांगायचंस, जेवण झाल्यावर. मला नळीतून मिळेल रे, मी काही राहत नाही उपाशी. यांना कोण भरवणार? माझ्यासमोर बसू नकोस, यांच्यासमोर बस. येताना काही खाऊन येऊ नकोस.

ताई