टॉवर रोज थोडा पुढे चालतो

४ मार्च
आज कामावर रुजू झालो. कंपनीने क्वार्टरही दिलं: दोन खोल्या, भरपूर उजेड. बायको आणि लहान लेक खूश, म्हणून मीही खूश. काम टॉवरवरून इंटरनेट पोचवणाऱ्या रेडिओ-यंत्रांचं. सगळ्यांनी एकाच क्षणी बोलायचं, एकाच क्षणी गप्प व्हायचं. नाहीतर एकमेकांचं बोलणं तोडतात. ही अचूक वेळ जीपीएस रिसीव्हर उपग्रहांकडून घेतो. टेकडीवरच्या टॉवरचा रिसीव्हर रोज सकाळी अकराला बिघडतो, तेवढं बघा, असं साहेब म्हणाले.

६ मार्च
वर चढून अँटेना, केबल बदलली. कनेक्टरमध्ये पाणी निघालं. चोर सापडला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. अकराला पुन्हा तेच! रिसीव्हर स्वतःची जागाच चुकीची सांगतोय. जागा चुकली की वेळ चुकणारच. अँटेना चाळीस मीटरवर आहे, आणि उंचीचा आकडा क्षणात शून्यावर येतो. मग ती जागा रस्त्याने सरकू लागते. माणसाच्या चालीने.

९ मार्च
नवाकोरा रिसीव्हर लावला. तोही तसाच, रोज कालच्यापेक्षा थोडा पुढे. स्टोअरवाल्या काकांना त्या सरकत्या जागेचा नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. माझ्याआधीचा टेक्निशियन सकाळी अकरा वाजता याच टॉवरवरून पडून गेला, म्हणाले. त्याची बायको आणि लहान मुलगी क्वार्टर सोडून गेल्या. कुठलं क्वार्टर, ते विचारावं लागलं नाही.

११ मार्च
आज नकाशावरचा तो ठिपका आमच्या फाटकाशी थांबला. साहेबांना सांगितलं, ते हसले. बायकोला म्हटलं, चार दिवस आईकडे जाऊन ये. ती म्हणाली, "आत्ता कुठे सामान लावलंय! काय झालंय, खरं सांगा." मी बॅग काढून तिचे कपडे भरायला लागलो.

१२ मार्च
अकराच्या बसमध्ये दोघींना बसवलं. टॉवरचे आकडे घरूनही दिसतात. लॅपटॉप पुढ्यात.

११:४० — फाटक.

११:४२ — जिना. दाराबाहेर बूट घासल्याचा आवाज. उघडलं नाही.

११:४५ — घरात. लेकीच्या पलंगाशी. बराच वेळ. मी हललो नाही —

११:५८ — गेला. सुटलो.

१२:०५ — टॉवरकडे नाही. हायवेला लागलाय. चालत नाही आता, धाव — बसच्या दिशेने. मीच त्यांना —

बायकोचा फोन. बस मध्येच थांबली, म्हणे. कुणीतरी हात दाखवला. कमरेला टॉवरवर चढायचा पट्टा. ओरडलो, लेकीला घेऊन उतर. ती म्हणाली, बस पुन्हा सुटलीसुद्धा. सगळ्या सीट रिकाम्या, तरी आमच्याच शेजारी बसलाय. म्हणतो, सापडलात एकदाच्या, आता —